शेगावचे गजानन महाराज आणि चिलमीचा नवस

जळगाव जामोद : माघ महिना सरत आला, की सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यातून शेगावच्या दिशेने पायी दिंड्या निघू लागतात. पूर्णा नदी ओलांडून चाळीस-पन्नास किलोमीटरचा रस्ता तुडवीत भाविक माघ वद्य सप्तमीला, म्हणजे प्रकट दिनाला, शेगाव गाठतात. दिंडीच्या पुढे पताका, मागे टाळ-मृदंग आणि पालखीत श्री गजानन महाराजांची तसबीर असते. घरोघरी पुजल्या जाणाऱ्या महाराजांच्या काही तसबिरींत त्यांच्या हाती चिलीम दिसते. या चिलमीकडे भाविक श्रद्धेने पाहतात, टीकाकार संशयाने पाहतात आणि काही तरुण तिच्यात आपल्या व्यसनाचे समर्थन शोधतात. महाराजांच्या चरित्रात या चिलमीचे स्थान नेमके कोणते, हे पाहू गेल्यास गांजाच्या धुरापेक्षा वेगळीच गोष्ट हाती लागते.

महाराजांचे चरित्र आज सर्वांना ठाऊक आहे ते मुख्यतः संतकवी दासगणू यांच्या ‘गजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ओवीबद्ध पोथीमुळे. महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली आणि ही पोथी १९३९ मध्ये सिद्ध झाली. म्हणजे मध्ये जवळजवळ तीन दशके लोटली होती. भक्तांच्या आठवणींतून आणि गावोगावच्या कथांतून ती उभी राहिली आहे. तिच्यातील चमत्कार हा श्रद्धेचा विषय आहे. मात्र त्या कथांतून त्या काळचे वऱ्हाड, तेथील माणसे, त्यांचे सण, त्यांची भांडणे आणि त्यांचे नवस यांचे जे चित्र उमटते, ते अस्सल आहे.

उष्ट्या पत्रावळीपाशी

२३ फेब्रुवारी १८७८ हा महाराजांचा प्रकट दिन मानला जातो. त्यापूर्वी ते कोठे होते, कोणत्या घराण्यात जन्मले, त्यांचे गुरू कोण, याविषयी अनेक तर्क आहेत. परंतु ठाम उत्तर नाही. त्या दिवशी शेगावात देविदास पातुरकर यांच्या घरी जेवणावळ होती. जेवणे आटोपल्यावर उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकण्यात आल्या. एक तरुण पुरुष तेथे बसून पत्रावळींवरची शिते वेचून खात होता. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी या दोघांनी हे दृश्य पाहिले. वेड्याचे खाणे असे नसते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी पंक्तीतले ताजे अन्न आणून पुढे ठेवले. त्या पुरुषाने सारे पदार्थ एकत्र कालवून खाल्ले आणि पाण्यासाठी कोणी धावपळ करण्यापूर्वीच तो गुरांच्या हौदावर जाऊन पाणी प्यायला.

गोड काय आणि आंबट काय, ताजे काय आणि उष्टे काय, माणसाचे पाणी कोणते आणि गुरांचे कोणते, हा भेद त्याच्या लेखी नव्हता. महाराजांच्या पुढील बत्तीस वर्षांच्या चरित्राची गुरुकिल्ली या पहिल्याच प्रसंगात आहे. गण गण हे शब्द त्यांच्या मुखी सतत असत. त्यावरून लोकांनी त्यांना गजानन हे नाव दिले. पुढे बंकटलालाने त्यांना आपल्या घरी नेले आणि शेगावची पावले त्या घराकडे वळू लागली.

तेव्हाचे वऱ्हाड

त्या काळी वऱ्हाडावर निजामाची नाममात्र मालकी आणि इंग्रजांचा प्रत्यक्ष कारभार होता. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. शेगाव आणि जळगाव ही दोन्ही गावे तेव्हा अकोला जिल्ह्यात होती. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यात आले. खानदेशातील जळगावापासून वेगळे ओळखता यावे म्हणून शेजारच्या जामोदचे नाव या गावाला जोडले जाते. कापसाच्या व्यापाराने वऱ्हाडात पैसा येत होता आणि रेल्वेमुळे शेगाव मुंबई व नागपूर या दोन्ही टोकांशी जोडले गेले होते. काशी, ओंकारेश्वर, नाशिक, पंढरपूर, रामेश्वर अशा यात्रांना निघालेले गोसावी आणि बैरागी या मार्गाने येत-जात असत.

या भ्रमंती करणाऱ्या साधूंच्या झोळीत चिलीम आणि गांजा हे जणू ठरलेलेच असे. गांजा तेव्हा निषिद्ध नव्हता. सातपुड्यापलीकडे निमाडात, खांडव्याच्या परिसरात, सरकारी परवान्याखाली त्याची लागवड होत असे. परवानाधारक दुकानांतून तो विकला जाई आणि त्यावरच्या करातून सरकारच्या तिजोरीत महसूल जमा होई. खेडोपाडी श्रमकरी माणूस थकवा घालवण्यासाठी, तर साधू शंकराची प्रिय वनस्पती म्हणून तो ओढीत असे. तथापि, प्रतिष्ठित गृहस्थाच्या ओटीवर गंजेडी हा शब्द तेव्हाही शिवीसारखाच उच्चारला जात असे. महाराजांना ज्यांनी प्रथम नाकारले, त्यांच्या तोंडी हाच आक्षेप होता.

गोसाव्याचा नवस

महाराजांच्या हाती गांजाची चिलीम आली कशी, हे पोथीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. काशीहून एक गोसावी शेगावी आला. बंकटलालाच्या घरी दर्शनाला मोठी दाटी होती. फाटक्या वेषातला हा परदेशी माणूस एका कोपऱ्यात गुपचूप बसून राहिला. महाराजांची कीर्ती ऐकून त्याने काशीतच नवस केला होता, की दर्शन घडल्यास शंकराला प्रिय असलेली गांजाची बुटी अर्पण करीन. परंतु एवढ्या लोकांत ही गोष्ट बोलावी कशी, या संकोचाने त्याची जीभ रेटत नव्हती. श्रीमंतांच्या पेढ्यांपुढे आणि हारांपुढे आपल्या झोळीतली ही वस्तू काढली, तर लोक हाकलून देतील, हे भय त्याला होते.

महाराजांनी त्याला आपण होऊन जवळ बोलावले आणि झोळीतला नवस बाहेर काढण्यास सांगितले. गोसाव्याला आनंद झाला. पण तो धूर्तही होता. आपली आठवण म्हणून महाराजांनी या बुटीचा सदैव स्वीकार करावा, असे मागणे त्याने घातले. महाराज क्षणभर घुटमळले आणि मग त्यांनी होकार दिला. मूल हट्टाने एखादी भलतीच वस्तू पुढे करते आणि आई त्याचे मन मोडू नये म्हणून ती हाती घेते, तसा तो होकार होता. चिलीम भरली गेली आणि तेव्हापासून महाराजांच्या बैठकीत ती कायमची आली.

या कथेतील महाराजांचे घुटमळणे फार महत्त्वाचे आहे. चिलीम ही महाराजांची मागणी नव्हती. तिची त्यांना आवड होती, असेही पोथी कोठे म्हणत नाही. एका गरीब, परक्या आणि संकोचलेल्या माणसाला चारचौघांत खाली पाहावे लागू नये, म्हणून त्यांनी तिचा स्वीकार केला. त्या वस्तूने ते बांधले गेले नाहीत, हे सांगण्यास दासगणू विसरलेले नाहीत. पाण्यातल्या कमळाच्या पानाची उपमा त्यासाठी त्यांनी योजली आहे.

नवस म्हणजे दिलेला शब्द, ही जाणीव पोथीत आणखी एकदा येते. दोन गृहस्थांनी पुढच्या वारीला महाराजांसाठी गांजा आणण्याचे मनाशी ठरवले. पुढची वारी आली, पण गांजा आणायचे ते विसरले. त्यानंतरही तेच घडले. तेव्हा महाराजांनी त्यांच्या मनातली गोष्ट उघड करून त्यांना कानपिचक्या दिल्या. त्यांचा रोख गांजा मिळाला नाही याकडे नव्हता. बोलावे तसे वागावे, देवाशीही खोटे बोलू नये, हा त्या बोलण्याचा गाभा होता.

अक्षय्य तृतीयेचा विस्तव

वऱ्हाडात अक्षय्य तृतीया हा पितरांचा आणि शेतकऱ्यांचा मोठा दिवस. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे या दिवशी सायंकाळी शेतात घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. सुमारे साडेतीनशे वर्षांची ही परंपरा असल्याचे मानले जाते. घरोघरी या दिवशी पितरांना पाण्याच्या घागरी दिल्या जातात आणि पानात चिंचवणे वाढले जाते.

पोथीतील जानकीराम सोनाराची कथा याच दिवशी घडते. महाराज बंकटलालाच्या घरी मुलांमध्ये बसले होते. त्यांनी चिलीम भरण्यास सांगितले. घरात अजून चूल पेटलेली नव्हती, म्हणून विस्तव आणण्यासाठी मुले जवळच्या जानकीराम सोनाराकडे गेली. सोनाराची बागेसरी, म्हणजे शेगडी, सकाळपासूनच फुललेली असते. परंतु सणाच्या दिवशी विस्तव देण्यास जानकीराम तयार होईना. त्याने महाराजांची निर्भर्त्सना केली. नागवा फिरणारा, गांजा ओढणारा, गुरांच्या हौदाचे पाणी पिणारा माणूस साधू कसला, तो खरा साधू असेल तर त्याला विस्तवाची गरज काय, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता.

मुले हिरमुसून परतली. महाराज हसले. त्यांनी बंकटलालाला एक काडी चिलमीवर नुसती धरण्यास सांगितले आणि काडी न घासताच चिलीम पेटली, असे पोथी सांगते. इकडे जानकीरामाच्या घरी पंक्ती बसल्या आणि चिंचवण्यात अळ्या दिसल्या. पाहुणे उठून गेले, अन्न वाया गेले. जानकीरामाला आपली चूक उमगली. तो बंकटलालाला मध्यस्थ घालून महाराजांपुढे आला. महाराजांनी त्याला झिडकारले नाही. चिंचवणे चांगलेच आहे, नीट पाहा, एवढेच त्याला सांगण्यात आले आणि ते खरोखर चांगले निघाले.

चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी या कथेत एक सामाजिक सत्य आहे. जानकीराम हा दुष्ट माणूस नव्हता. आपल्या गावात कोणी नागवा गंजेडी येऊन बसतो आणि शहाणीसुरती माणसे त्याच्या पाया पडतात, हे ज्याला पटत नाही अशा सामान्य, कष्टाळू गृहस्थाचा तो प्रतिनिधी आहे. त्याची शंका पोथीने लपवली नाही. उलट, महाराजांविरुद्धचे सर्व आक्षेप तिने त्याच्या तोंडून एका दमात सांगून टाकले आहेत.

जळता पलंग

चिलमीचा सर्वांत बोलका प्रसंग आठव्या अध्यायात येतो. महाराज तेव्हा शेगावात कृष्णाजी पाटलांच्या मळ्यात राहत होते. तेथे तीर्थयात्रेला निघालेले दहा-वीस गोसावी उतरले. ब्रह्मगिरी हा त्यांचा प्रमुख होता. रात्री त्याने गीतेवर निरूपण सुरू केले. आत्म्याला शस्त्र कापत नाही, अग्नी जाळत नाही, या आशयाचा श्लोक त्याने निवडला होता. त्याचे शब्द विद्वत्तेचे होते. पण ऐकणाऱ्यांना त्यात अनुभवाचा ओलावा लागेना. ते उठून महाराजांकडे येऊन बसले. गोसावी मनातून खट्टू झाले.

महाराज पलंगावर बसून चिलीम ओढीत होते आणि अकोलीचा भास्कर पाटील ती भरून देत होता. चिलमीतली ठिणगी पलंगावर पडली. लाकूड धुमसू लागले आणि पाहता पाहता पलंगाने चारी बाजूंनी पेट घेतला. भास्कर पाणी आणण्यास धावला, तेव्हा महाराजांनी त्याला रोखले आणि ब्रह्मगिरीला आपल्याशेजारी येऊन बसण्यास सांगितले. अग्नी आत्म्याला जाळत नाही, हे जर खरे असेल, तर ते सिद्ध करण्याची हीच वेळ होती. भास्कराने ब्रह्मगिरीचा हात धरून त्याला पलंगाकडे ओढले. ब्रह्मगिरीचा सारा अभिमान गळून पडला. आपण केवळ पोटासाठी गोसावी झालो, अशी कबुली त्याने दिली. पुढे महाराजांनी त्याला एकांतात समजावले, की राख फासावी तर उपाधीपासून दूर राहावे. अनुभव नसताना बोलू नये.

या प्रसंगात चिलीम दोघांकडेही आहे. गोसाव्यांचा जथा गांजाचा शौकीन होता आणि महाराजही चिलीम ओढीत होते. बाहेरून पाहता दोघांत फरक नाही. ठिणगी पडली, तेव्हा मात्र फरक उघड झाला. चिलीम ओढल्याने कोणी विरक्त होत नाही, हे जणू त्या जळत्या पलंगाने गोसाव्यांच्याच जथ्यासमोर सांगितले. चिलमीचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा, असाच आहे.

सरकारी चौकशी

महाराज शेगावी नांदत असतानाच गांजाचा प्रश्न थेट लंडनच्या पार्लमेंटमध्ये गेला. १८९३ मध्ये तेथे प्रश्न विचारला गेल्यावर हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. भांग, गांजा आणि चरस यांची लागवड, व्यापार, शरीर-मनावरील परिणाम आणि सामाजिक बाजू यांचा त्याने देशभर फिरून शोध घेतला. जवळजवळ बाराशे साक्षी नोंदवल्या गेल्या. सात खंडांचा अहवाल १८९४ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या सातव्या खंडात मुंबई आणि सिंध यांच्याबरोबर वऱ्हाडातील साक्षीही आहेत.

आयोगाचा निष्कर्ष सावध होता. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही. अतिरेक मात्र घातक ठरतो. साधू-बैरागी आणि शिवभक्त यांच्या धार्मिक भावना या वनस्पतीशी जोडलेल्या असल्याने सरसकट बंदी घालणे शहाणपणाचे होणार नाही. कर आणि परवाना या मार्गाने सेवनावर लगाम ठेवावा. वऱ्हाडातल्या एका गावी गोसाव्याच्या झोळीतून जी वस्तू संकोचाने बाहेर आली, तिच्यामागे देशभर केवढा मोठा व्यवहार आणि केवढी मोठी श्रद्धा उभी होती, याची कल्पना या अहवालावरून येते.

चिलमीपलीकडचे चरित्र

महाराजांचे चरित्र मात्र चिलमीच्या कथांपुरते नाही. चिलीम भरून देणारा भास्कर पाटील महाराजांकडे आला तो भांडणातूनच. अकोलीच्या शिवारात भर उन्हात महाराजांनी त्याच्याकडे पाणी मागितले. धडधाकट असून भीक मागतोस, म्हणून त्याने त्यांना हिणवले. महाराज जवळच्या कोरड्या विहिरीवर गेले. बारा वर्षे आटलेल्या त्या विहिरीला पाणी लागले, असे पोथी सांगते. भास्कराने नांगर सोडला आणि तो मरेपर्यंत महाराजांच्या सेवेत राहिला. पाण्यासाठी तहानलेल्या वऱ्हाडात ही कथा सर्वाधिक सांगितली जाते, यात नवल नाही.

बंकटलालाच्या मळ्यात मक्याची कणसे भाजण्यासाठी आगट्या पेटल्या, धुराने मोहोळ उठले आणि भक्त पळाले. महाराज एकटे माशांचे दंश सोसत बसून राहिले. लाडू-पेढ्यांना जमणारे संकटात उभे राहत नाहीत, हा धडा त्यांनी हसत हसत दिला. नर्मदेच्या पात्रात फुटलेल्या नावेत भयभीत झालेल्या भक्तांसोबत ते शांत बसून राहिले. पाटील आणि देशमुख यांच्या दुहीने ग्रासलेल्या शेगावात दोन्ही बाजूंची माणसे त्यांच्या पायाशी आली.

१९०८ मध्ये अकोल्यात शिवजयंतीचा उत्सव झाला. लोकमान्य टिळक प्रमुख वक्ते होते आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे पुढारी उपस्थित होते. महाराज त्या व्यासपीठावर होते. काही आठवड्यांतच टिळकांना अटक झाली आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्या काळात महाराजांनी त्यांच्यासाठी भाकरीचा प्रसाद पाठवल्याची कथा पोथीत आहे. पुढे मंडालेच्या तुरुंगात टिळकांच्या हातून ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. एकीकडे जगाचे भान नसलेला अवलिया आणि दुसरीकडे राजकारणात आकंठ बुडालेला विद्वान, या दोघांना एका व्यासपीठावर पाहण्याचे भाग्य त्या दिवशी अकोलेकरांना लाभले.

त्याच वर्षी, महाराजांच्या हयातीतच, शेगावच्या संस्थानाची स्थापना झाली. ८ सप्टेंबर १९१० रोजी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या दिवशी, महाराजांनी समाधी घेतली. दूरदूरच्या भक्तांना दर्शन व्हावे म्हणून थांबून, मिरवणुकीनंतर देह समाधिस्थानी ठेवण्यात आला. आज त्या जागी मंदिर आहे. स्वच्छता, शिस्त आणि निष्काम सेवा यांसाठी हे संस्थान महाराष्ट्रभर ओळखले जाते. आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला निघणारी पालखी सुमारे ७०० किलोमीटर पायी चालून जाते. २०२१ मध्ये निधन पावलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी विश्वस्त म्हणून या सेवेला दिलेले वळण सर्वपरिचित आहे.

वारसा कोणता घ्यावा

दासगणूंनी पोथी लिहिली, तेव्हा काळ बदलला होता. पोलीस खात्यातली नोकरी सोडून कीर्तनाकडे वळलेला हा कवी शिर्डीच्या साईबाबांचा भक्त होता. सुशिक्षित समाजात गांजाविषयी तिटकारा वाढला होता. चिलमीचे प्रसंग गाळून महाराजांचे एक सोवळे चरित्र लिहिणे दासगणूंना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. गोसावी, सोनार, जळता पलंग आणि नवस विसरलेले दोन गृहस्थ, सारेच त्यांनी ओवीत बांधले. परंतु प्रत्येक ठिकाणी चिलमीमागचा अर्थही ठेवला. चरित्रकाराच्या या प्रामाणिकपणामुळेच आजच्या वाचकाला खरे-खोटे पारखता येते.

याच वऱ्हाडाने दुसराही संत पाहिला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा. दारूने त्यांच्या वडिलांचा बळी घेतला होता. हाती खराटा घेऊन त्यांनी गावोगाव फिरून व्यसनांवर आसूड ओढले. १९५६ मध्ये ते गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही आपल्या भजनांतून आणि ग्रामगीतेतून व्यसनमुक्तीचा पाठ दिला. वऱ्हाडातल्या अनेक घरांत गजानन महाराज आणि गाडगेबाबा यांच्या तसबिरी एकाच भिंतीवर आहेत. एकाच्या हाती चिलीम, दुसऱ्याच्या हाती खराटा. भाविकांना यात विसंगती वाटत नाही. कारण उपभोगाचे दास होऊ नये, ही दोघांची शिकवण एकच आहे.

कायद्याचे चित्रही पालटले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि देशात १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आल्यानंतर गांजा बाळगणे, विकणे आणि विनापरवाना पिकवणे गुन्हा ठरले. बोंडाविना असलेली पाने, म्हणजे भांग, तेवढी या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. वीस किलोपेक्षा अधिक गांजा सापडल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. जगात मात्र वारे उलट दिशेनेही वाहते आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये गांजाला कायदेशीर मान्यता दिली. स्पेनमधील बार्सिलोना येथे १९९७ पासून या वनस्पतीच्या संस्कृतीला वाहिलेले ‘कान्यामो’ हे स्पॅनिश मासिक निघू लागले. पाश्चात्त्य देशांत साधूची चिलीम हे भारताचे एक चित्रच होऊन बसले आहे.

या वादात महाराजांचे नाव ओढले जाते, तेव्हा पोथीतले तपशील स्मरणात ठेवणे आवश्यक ठरते. चिलमीच्या नादाने उद्ध्वस्त झालेले घर खेड्यात आहे तसे शहरातही आहे. त्या घरातली आई महाराजांच्याच तसबिरीपुढे मुलासाठी नवस बोलते आणि तो मुलगा त्याच तसबिरीकडे बोट दाखवून आपली बाजू मांडतो. दोघेही भक्तच. पण महाराजांनी चिलीम हाती घेतली ती एका परक्या माणसाची लाज राखण्यासाठी. उष्टी शिते त्यांनी ज्या चवीने खाल्ली, त्याच चवीने पंचपक्वान्न खाल्ले आणि गुरांचे पाणी ज्या समाधानाने प्याले, त्याच समाधानाने चिलीम ओढली. ती मिळाली नाही म्हणून ते अडले नाहीत. ज्याचे हात चिलमीवाचून थरथरतात, त्याला त्यांचा दाखला देता येत नाही.

पूर्णेकाठची दिंडी शेगावच्या वेशीत शिरते, तेव्हा बहुतेकांच्या हाती टाळ असतात आणि पायाला फोड आलेले असतात. मंदिरात पोहोचल्यावर कोणी रांगेत उभा राहतो, कोणी महाप्रसादाच्या पंक्तीत बसतो. तेथे पानातले शीत वाया जाऊ नये, याची काळजी घेतली जाते. महाराज या गावात पहिल्यांदा दिसले, ते टाकून दिलेल्या पत्रावळीवरचे एकेक शीत वेचताना. त्यांच्या चरित्राची सुरुवात चिलमीने झालेली नाही, अन्नाने झाली आहे. आणि शेगावने जपलेला वारसाही तोच आहे.